लॉन की सेडम? आधी पावसाळ्यात एखादा कातळसडा बघून या

प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली सात मजली, पंधरा वर्षं जुनी सोसायटी. वरची साधारण १,५०० चौरस फूट गच्ची हिरवी करायची आहे, कारण सातव्या मजल्यावरची घरं एप्रिल-मेमध्ये मध्यरात्रीपर्यंत तापलेली असतात. एका कंत्राटदाराने सरळ कार्पेट लॉन सांगितलंय. दुसरा म्हणतो लॉन पाणी पितं, त्यापेक्षा सेडमच्या, म्हणजे मांसल पानांच्या बुटक्या झाडांच्या, तयार चटया अंथरू, जर्मनीत सगळीकडे तेच असतं. आणि सोसायटीतल्या एका हौशी सभासदाला ‘बायोडायव्हर्सिटी’ हवी आहे, म्हणजे शंभर प्रकारची देशी झाडं. तेव्हा नेमके किती प्रकार लावायचे, आणि प्रकार वाढले की देखभालही वाढते का, हे तुम्ही विचारलंय.

मी अठरा-एकोणीस वर्षं पुण्यात आणि ठाण्यात गच्च्यांवर हेच काम करते आहे, म्हणून जरा ऐसपैस लिहिते.

‘किती प्रकार’ हा आकडा मी देऊ शकते आणि पुढे देणारही आहे, पण तुमची खरी अडचण ती नाही. तुमच्या गच्चीवर चार महिने पाणीच पाणी आणि आठ महिने जवळजवळ काहीच नाही. या दोन टोकांत तग धरणारं एकच झाड शोधायला गेलात तर मिळत नाही. जे मिळतं त्याला तुम्ही टँकरने जगवता. त्यामुळे एकमेकांपेक्षा वेगळं वागणारी झाडं एकत्र ठेवायची, एक झोपलं की दुसरं जागं. प्रकार मोजण्यापेक्षा झाडांचे स्वभाव मोजा. शंभर प्रकार लावलेत आणि सगळ्यांचा स्वभाव एकच असेल, तर ती एकाच प्रकाराची गच्ची झाली. मेच्या एकाच आठवड्यात सगळी एकदम जातील.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते आधी सांगते. पुण्यात वर्षाला साधारण ७००-७५० मिलीमीटर पाऊस, मुंबईत त्याच्या तिप्पट. मी खाली जे लिहिते आहे ते पुण्याच्या हिशेबाने. ठाण्या-मुंबईला निचरा दुप्पट काळजीने करावा लागेल आणि नागपूरकरांनी उन्हाळ्याचा भाग आणखी कडक धरावा. शेजारी उंच टॉवर असेल तर त्याची सावली कुठे पडते, काचेची तिरीप कुठे येते, यावरही बरंच ठरतं. वारा हा तर वेगळाच विषय. सातव्या मजल्यावर मातीतलं पाणी उन्हापेक्षा वारा जास्त नेतो असं मला कित्येकदा वाटलंय. पण या सगळ्याच्या आधी स्लॅब.

हिशेब सोपा आहे. १,५०० चौरस फूट म्हणजे साधारण १४० चौरस मीटर. हलकं मिश्रण वापरलं तरी भिजल्यावर त्याचं वजन घनमीटरला १,२०० किलोच्या आसपास जातं. १० सेंटिमीटर थर म्हणजे चौरस मीटरला १२० किलो, आणि सगळी गच्ची मिळून जवळपास १७ टन. चार हत्ती कायमचे गच्चीवर बसवल्यासारखं आहे हे. नुसती बागेची माती टाकली तर सहा-सात. भारताच्या मानकात, आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागात, माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १५० किलो, एवढा भार धरलेला असतो. तो माणसांसाठी, गणपतीच्या जेवणावळीसाठी, कोजागिरीसाठी. त्यातला सगळा मातीने खाल्ला तर गच्चीवर उभं कोण राहणार? शिवाय जुन्या इमारतींत एका कोब्यावर दुसरा कोबा, त्यावर चायना मोझेक असे थर चढलेले असतात. त्यांचं वजन मूळ नकाशात नसतं. तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, लेखी घ्या. मी किंवा कुठलाही माळी याचं उत्तर देऊ शकत नाही, आणि जो कंत्राटदार ‘काही होत नाही हो’ म्हणतो त्याला चहा पाजून निरोप द्या.

इंजिनिअर येईल तेव्हा त्याच्याबरोबर सातव्या मजल्यावरच्या घरांत जा आणि मान वर करून बघा. बीम कुठून गेलेत, कॉलम कुठे आहेत, त्याची खूण गच्चीवर खडूने करा. ही खडूची रेघ पुढे फार उपयोगी पडते. जाड मातीचे उंचवटे कुठे करता येतील हे तीच सांगते.

आता सेडम. कंत्राटदार खोटं बोलत नाही. जर्मनीत ८-१० सेंटिमीटर थरावर सेडम खरोखरच वर्षानुवर्षं टिकतं. पण का टिकतं हे त्याने विचारलेलं नसतं. सेडमसारखी मांसल झाडं रात्री पानांची छिद्रं उघडून हवा आत घेतात आणि दिवसा ती मिटून घेतात. म्हणून उन्हात पाणी उडत नाही. हा व्यवहार रात्र गार असेल तरच फायद्यात जातो. ठाण्यात जुलैची रात्र पंचवीस अंशांच्या खाली क्वचितच उतरते आणि हवा ओल्या फडक्यासारखी असते. झाड दिवसभराची कमाई रात्रीच्या श्वासात उडवतं, मुळं पाण्यात, वर बुरशी. माझ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक ठाण्यातली गच्ची अशीच गेली. चटया मार्चमध्ये आल्या, एप्रिलमध्ये सगळे फोटो काढून गेले, आणि जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी वर गेले तेव्हा जिना चढतानाच वास आला. सडक्या कोबीसारखा. चटईचा कोपरा उचलला तर तो हातात पाघळला. ग्राहक भला माणूस होता, त्याने फक्त एवढंच विचारलं, ‘हे असंच असतं का?’ पुण्यात रात्री जरा बऱ्या असतात, तिथे सेडमचे एक-दोन प्रकार कोपऱ्यात चांगले राहतातही. पण सगळी गच्ची त्याच्यावर लावू नका.

लॉनबद्दल फार लिहीत नाही. एप्रिल-मेमध्ये चौरस मीटरला रोज ५ लिटर तरी पाणी हवं. १४० चौरस मीटरला ७०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर दोन आठवड्यांत संपला. सोसायटीच्या सभेत हा आकडा सांगा, लॉनचा विषय आपोआप मागे पडेल.

मग आपण कुणाकडून शिकायचं? आपल्याकडे फुकटची हिरवी गच्ची हजारो एकर पसरलेली आहे. रत्नागिरी-राजापूरकडचे कातळसडे, साताऱ्याजवळचं कास. खाली जांभ्याचा फरशीसारखा सलग कातळ, वर कुठे दोन बोटं माती, कुठे वीतभर, कुठे काहीच नाही. चार महिने पाण्याने भरलेला, मेमध्ये अनवाणी पाय ठेवता येत नाही असा. म्हणजे तुमची गच्चीच की ही! आणि या तुटपुंज्या मातीवर इतकं काही उगवतं की पश्चिम घाटाच्या इतर भागांबरोबर कासलाही २०१२ साली जागतिक वारसा यादीत जागा मिळाली. मेलबर्नमध्ये हिरव्या छतांवर काम करणाऱ्या संशोधकांनीही हाच विचार केला होता. त्यांनी तिथल्या उघड्या ग्रॅनाइट खडकांवर उगवणारी झाडं छतांसाठी तपासली, कारण उन्हाळा कोरडा आणि माती उथळ, दोन्ही गोष्टी तिथे जुळतात. प्रत्येक गरम शहराने आपापला कातळ शोधावा, एवढाच त्यातला मुद्दा.

सड्यावर पावसाळ्यात दोन-तीन फेऱ्या मारा. जूनमध्ये एक, सप्टेंबरमध्ये एक, जमलं तर दिवाळीनंतर एक. प्रत्येक वेळी तो वेगळाच सडा असतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर कंद जागे होतात, कोकणात दीपकाडीची पांढरी फुलं, आभाळी, मुसळी. मग तेरडा, कवला, गेंद. शेवटी सोनकीने सगळं पिवळं, आणि गवतं वाळत आलेली. त्यानंतर तपकिरी. सात-आठ महिने तपकिरी. कुणी त्याला ‘मेलेला सडा’ म्हणत नाही, कारण सगळ्यांना माहीत असतं की तो झोपलाय.

इथे एक विनंती. कासवरून किंवा कुठल्याही सड्यावरून रोप, कंद, बी काहीही आणू नका. कासला तर तो गुन्हा आहे हे एक. आणि ते जगतही नाही हे दुसरं. सड्यावरची ती नाजूक फुलं, सीतेची आसवं, तुमच्या गच्चीवर येणार नाहीत, त्यांना पायाखालून झिरपणारं पाणी लागतं. सड्याकडून झाडं घ्यायची नाहीत, रीत घ्यायची. झाडं तुमच्या आजूबाजूला आहेत. रिकामे प्लॉट, कुंपणाच्या कडा, भाजीवालीची टोपली, शेजाऱ्यांची कुंडी.

आता स्वभावांकडे येते. मी गच्चीवर पाच तऱ्हा धरते.

पहिले साठवणारे: पानफुटी, कोरफड, पानओवा, घोळ आणि तिची बारीक पानांची बहीण चिवळ, ऑफिस टाइम. यातली घोळ मला फार आवडते. पाणी असताना ती ऊस-ज्वारीच्या पद्धतीने झपाट्याने वाढते, आणि पाणी तुटलं की पद्धत बदलून निवडुंगासारखी रात्री श्वास घ्यायला लागते. एकाच झाडात दोन्ही सोयी असणं वनस्पतींत फारच दुर्मीळ आहे, आणि आपण तिला मंडईत जुडीने विकत घेतो. डाळ घालून छान होते, हा भाग वेगळा.

दुसरे झोपणारे: आभाळी, रेन लिली, कळलावी, रानहळद, शेवळं. पहिल्या पावसाला उठतात, दिवाळीपर्यंत आटोपतात, उरलेलं वर्ष कंदात. उन्हाळ्याशी यांचा संबंधच येत नाही. कळलावी मात्र विषारी आहे, कंदासकट. गच्चीवर लहान मुलं खेळत असतील तर ती वगळा.

तिसरे उधळे: तेरडा, कुर्डू, टाकळा, केना, तुंबा. एका पावसाळ्यात जन्म, फूल, बी, मरण. यांची रोपं एकदाच आणायची, पुढचं बी तीच टाकतात. यांच्यामुळे फुलपाखरं आणि निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्या येतात.

चौथी गवतं. मारवेल, गवती चहा, कडेला वाळा. गवतांची मुळं माती धरून ठेवतात. पहिल्या मोठ्या पावसात माती वाहून नाळीत जाण्याचा धोका असतो तो यांनी टळतो. कुसळीचं गवत मात्र टाळा. मी एकदा हौसेने लावलं आणि नोव्हेंबरमध्ये वर वाळत घातलेल्या प्रत्येक साडीत, मोज्यात, एका आजींच्या शालीत कुसळं रुतली. मला अजून त्या सोसायटीच्या गेटवर जरा खाली मान घालून जावं लागतं.

पाचवी खुरटी झुडपं: कोरांटी, तुळस, सब्जा, शतावरी. यांना २५-३० सेंटिमीटर तरी माती लागते, म्हणून यांची जागा खडूच्या रेघेवर, बीम-कॉलमच्या माथ्यावर. आणि जमिनीलगत सरपटणारी विष्णुक्रांतासारखी झाडं मी मधल्या जागा भरायला वापरते.

तुम्ही विचाराल, हे सगळं एकत्र का, प्रत्येकाचा वेगळा वाफा का नाही? कॅनडात हॅलिफॅक्सला लंडहोम आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. छतावरच्या लहान वाफ्यांत एकाच तऱ्हेची झाडं आणि तीन ते पाच तऱ्हा एकत्र, अशी तुलना. पाणी धरणं, माती गार ठेवणं अशी सगळी कामं एकत्र मोजली तर मिश्रण सरस ठरलं. हॅलिफॅक्सची हवा आणि आपली यात काही साम्य नाही, त्यामुळे मी तो आकड्यांसाठी वापरत नाही. पण मुद्दा मी स्वतः हाताने तपासलाय. तीन वर्षांपूर्वी मेमध्ये, दुपारी दोनच्या सुमाराला, कोथरूडमधल्या एका गच्चीवर उघड्या मातीवर पंजा टेकवला, तो लगेच उचलावा लागला. तिथून हातभर अंतरावर पानओव्याच्या फांद्या पसरल्या होत्या. पानं मळकट, कडेने लाल झालेली, पण जिवंत. त्यांच्या खाली बोटं घातली तर माती नुसती कोमट. आणि त्या सावलीत विष्णुक्रांताची दोन रोपं, नखाएवढी निळी फुलं घेऊन. उघड्यावरची विष्णुक्रांता पंधरा दिवसांपूर्वीच वाळून गेली होती. बोस्टनकडे सेडमबाबतही हेच दिसलंय: कोरड्या दिवसांत ते शेजाऱ्याला सांभाळतं, पण पाणी मुबलक असताना त्याचीच वाढ रोखतं. म्हणूनच पावसाळ्यात पानओवा दोनदा छाटावा लागतो, नाहीतर तो सगळ्यांच्या उरावर बसतो.

मातीबद्दल. बहुतेक गच्च्या इथे बिघडतात आणि त्याचं कारण प्रेम. लोक उत्तम कंपोस्ट, शेणखत, गांडूळखत असं भरभरून घालतात. कुंडीतल्या टोमॅटोला ते ठीक. पण सड्याची माती इतकी निकस असते की सीतेची आसवं बारीक किडे पकडून खातात, कारण मातीत त्यांना पुरेसं मिळत नाही. निकस मातीत कुणीच माजत नाही, म्हणून सगळ्यांना जागा मिळते. भरपूर खत घातलंत की तीन-चार दांडगट झाडं वर येतात आणि बाकीच्यांना झाकून टाकतात. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी ‘बायोडायव्हर्सिटी’च्या नावाने केना आणि हरळी उरते.

माझं मिश्रण असं असतं: निम्मा विटांचा चुरा, वीटभट्टीवरचा तुटका माल आणून चाळलेला, ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्यापर्यंतच्या आकाराचा, अगदी बारीक पूड काढून टाकलेली. उरलेल्या निम्म्यात कोकोपीट, पोयटा माती आणि थोडंसंच कंपोस्ट, दहात एक भाग. काळी माती अजिबात नको. ती फुगते, तडकते आणि तिचा गाळ खालच्या जिओटेक्स्टाइलची, म्हणजे माती अडवून पाणी सोडणाऱ्या कापडाची, भोकं बुजवतो. नुसत्या कोकोपीटवरही जाऊ नका. हलकं असतं खरं, पण दोन वर्षांत खाली बसतं, आणि एकदा ठार कोरडं झालं की पाणी घेतच नाही, वरून घरंगळून जातं.

आणि थर सगळीकडे सारखा करू नका. कंत्राटदाराला सपाट आवडतं, कारण मोजायला सोपं. तुम्ही १० सेंटिमीटरच्या सरासरीत कुठे ६, कुठे १५, बीमवर २५-३० असं खालीवर करून घ्या, अर्थात इंजिनिअरने मंजूर केलेल्या आकड्यांत. स्वित्झर्लंडमध्ये बासेलला छतांवर मातीची जाडी मुद्दाम कमीजास्त ठेवतात, भुंगे आणि कोळी यांच्यासाठी. आपल्याकडे त्याचा फायदा झाडांनाच आधी दिसतो. उथळ जागी घोळ-चिवळ, खोलगट भागात पाणी जरा रेंगाळतं तिथे आभाळी आणि तेरडा, उंचवट्यावर कोरांटी. एक-दोन जागा मुद्दाम उघड्या ठेवा, नुसता चुरा आणि दोन-चार दगड. तिथे काय येतं ते बघायला मजा येते.

पाणी देताना एक चूक जवळजवळ सगळे करतात, मीही केली. सगळ्या गच्चीवर एकच ठिबक. उन्हाळ्यात झुडपांना आठवड्यातून दोनदा पाणी हवं म्हणून ते सुरू ठेवलं आणि जूनमध्ये एकही आभाळी उगवली नाही. उकरलं तर कंद गळून गेलेले. झोपणाऱ्यांना झोपेत पाणी चालत नाही. तेव्हापासून मी ठिबक फक्त झुडपांच्या उंचवट्यांवर नेते. साठवणाऱ्यांना महिन्यातून तीन-चारदा पाइपने शिंपडते, झोपणाऱ्यांचा भाग नोव्हेंबर ते मे पूर्ण कोरडा. टँकरचा हिशेबही यात बसतो.

‘प्रकार वाढले की देखभाल वाढते का?’ वाढत नाही, पण बदलते. लॉनला दर पंधरा दिवसांनी यंत्र फिरवणारा कुणीही चालतो. इथे ओळखणारा माणूस लागतो. आमच्या माळीकाकांना दोन पानांचं रोपटं बघून ते तेरड्याचं की गाजरगवताचं ते कळतं. असा एक माणूस वर्षातून सहा-सात दिवस मिळाला तरी पुरे. त्याने काय बघायचं तर सगळ्यात आधी पिंपळ, वड, उंबर. पक्ष्यांच्या विष्ठेतून यांचं बी येणारच, गच्चीवर माती असो वा नसो. दोन इंचांचं असताना चिमटीत निघतं, दोन फुटांचं झालं की मूळ वॉटरप्रूफिंगमध्ये. सुबाभूळही तसंच. श्रावणात एकदा आणि दसऱ्याच्या आसपास एकदा सगळी गच्ची रांगेत चालून हे उपटायचं. गाजरगवत फुलायच्या आधी काढायचं. आणि वेडेलिया, ती पिवळ्या फुलांची चकचकीत पानांची वेल, नर्सरीवाला फुकट देतो म्हणाला तरी घेऊ नका. सहा महिन्यांत गच्चीवर तीच एक उरते.

स्वतःहून येणाऱ्या बाकीच्यांना मात्र एक पावसाळा राहू द्या. पानफुटीच्या पानावर पांढुरके, पोकळ डाग दिसले तर औषध मारू नका. ते बहुतेक रेड पिएरो फुलपाखराचं सुरवंट असतं, पानाच्या दोन सालींच्या मधला गर खात आत राहतं. पानफुटीला काही होत नाही. घोळीवर डॅनाइड एगफ्लाय अंडी घालतं.

दिवाळी हा आमच्या धंद्यातला धास्तीचा आठवडा. गवतं वाळत आलेली असतात आणि शेजारच्या इमारतीतून रॉकेट येतं. म्हणून दिवाळीच्या आधी गवत टाचेच्या उंचीवर कापून घ्या, आणि पॅरापेटला लागून चारही बाजूंना दीड-दोन फुटांचा खडीचा पट्टा ठेवा. हाच पट्टा पावसाळ्यात नाळीपर्यंत पाणी नेतो आणि मुळांना भिंतीपासून लांब ठेवतो. प्रत्येक नाळीच्या तोंडावर जाळीची पेटी हवी, झाकण उघडून हात घालता येईल अशी. तिथे पाणी साचलं तर डास होतात, आणि मग सगळी चर्चा झाडांवरून डेंग्यूवर जाते.

मग आकडा. १,५०० फुटांना मी पाचही तऱ्हा मिळून २५ ते ३० प्रकार लावीन, प्रत्येकाची पाच-सात रोपं घोळक्याने, एकेक करून विखुरलेली नाहीत. माझा अनुभव असा की दोन वर्षांनी त्यातले अर्धेच उरतात आणि जवळपास तितकेच न बोलावता आलेले असतात. गेले त्यांच्या मागे लागू नका. शंभरची यादी करणाऱ्या सभासदांना दुखवू नका, त्यांच्याकडे नोंदवही द्या. दर पंधरा दिवसांनी काय उगवलं, काय फुललं ते त्यांनी लिहावं. तीन वर्षांत त्यांची यादी कदाचित शंभरच्या जवळ जाईलही, फक्त त्यात माश्या, मुंग्या आणि चतुरही असतील.

गारव्याबद्दल मात्र खरं ते सांगते, कारण मूळ तक्रार तीच आहे. मातीचा थर, अगदी वाळक्या गवताखालचाही, स्लॅबवर थेट ऊन पडू देत नाही, त्यामुळे सातव्या मजल्याला फरक जाणवतो. ओल्या हिरव्या गच्चीइतका नाही, कारण तिथे पाणी उडताना उष्णता घेऊन जातं. पण फक्त घर गार हवं असेल, बाकी काही नको, तर पांढऱ्या रंगाचा थर याच्या कितीतरी पट स्वस्त आहे आणि त्यासाठी माझी गरज नाही. झाडं लावायची तर झाडं हवीत म्हणून लावा.

सभेत नेण्यासाठी एवढं लिहून घ्या: इंजिनिअरचं पत्र आधी, जाडी कमीजास्त, माती निकस, पाच तऱ्हा एकत्र, पाणी सगळ्यांना सारखं नाही, मार्च ते मे गच्ची तपकिरी दिसेल. शेवटचं वाक्य ठरावातच घाला. नाहीतर पहिल्याच एप्रिलमध्ये कुणीतरी ‘पैसे पाण्यात गेले’ म्हणेल आणि माळ्याला सांगून सगळं उपटून टाकेल. हे एका सोसायटीत घडलंय. जूनमध्ये उगवणारच होतं ते सगळं कचऱ्याच्या गाडीत गेलं. तपकिरी दिवसांसाठी जिन्याच्या दारासमोर एक पट्टा कोरफड-पानओव्याचा, कडा नीट बांधलेला ठेवा. वर येणाऱ्याला पहिलं काय दिसतं यावर बरंच निभावतं.

वेळापत्रक म्हणाल तर वॉटरप्रूफिंग आणि रूट बॅरियर (मुळं अडवणारा थर) मार्चपर्यंत, त्यावर पाणी तुंबवून किमान ४८ तास चाचणी, आणि ते पूर्ण दोन दिवस सातव्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची छतं बघायची. माती मेच्या शेवटी वर चढवा, लिफ्टने नाही, दोरखंडाने किंवा हॉइस्टने, लिफ्टचा मेंटेनन्सवाला नंतर फार ओरडतो. लावणी पहिले दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर. पानओवा, चिवळ आणि पानफुटी विकत घेऊ नका, माझ्याकडे छाटणीच्या गोण्या भरलेल्या असतात त्या दिवसांत. आभाळीचे कंद सध्या झोपलेत. जूनमध्ये कोंब दिसले की मोजून सांगते किती देता येतील.